मनाने बंद करू नका

डिप्रेशनवरची गोळी पहिल्यांदा लिहून देताना डॉक्टर साधारण चार-पाच वाक्यं बोलतात. रोज एक, ठरलेल्या वेळी. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील, धीर धरा. दुसरं काही औषध चालू असेल तर सांगा. सुरुवातीला त्रास झाला तर फोन करा. आणि मनाने बंद करू नका. बाहेर वीस पेशंट थांबलेले असतात, त्यामुळे ही वाक्यं भराभर येतात. ऐकणाऱ्याचं तेव्हा कशातच लक्ष नसतं (लक्ष लागत नाही म्हणून तर तो तिथे आलेला असतो!). घरी पोचेपर्यंत त्यातलं एकच वाक्य डोक्यात उरतं - रोज एक.

आमच्या धंद्यात जुन्या कोडमध्ये अशा सूचना सापडतात. "ही ओळ काढू नका", एवढंच लिहिलेलं असतं. का ते नाही. नवीन आलेल्या पोराला वाटतं, काय हा गचाळपणा! तो ओळ काढतो आणि रात्री दोन वाजता सगळ्यांचे फोन वाजायला लागतात. मग कुणीतरी जुनाजाणता सांगतो, बाबा रे, अमुक साली असं असं झालं होतं, म्हणून ती ओळ आहे.

डॉक्टरांची ती चार-पाच वाक्यंही तशीच आहेत. प्रत्येकामागे काहीतरी घडलेलं आहे, आणि बऱ्याच वेळा ते एखाद्या पेशंटने तोंड उघडून सांगितलं म्हणून कळलं आहे. ते "का" माहीत असेल तर सूचना पाळणं सोपं जातं, निदान मला तरी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणती गोळी घ्या, किती घ्या हे मी सांगणार नाही. मी फक्त त्या ओळींचा इतिहास सांगतो.

"फरक पडायला वेळ लागेल"

गोष्ट सुरू होते टीबीपासून. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू नावाचं टीबीचं मोठं हॉस्पिटल होतं. तिथे दोन नवीन औषधांची चाचणी चालली होती, आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड. दोन्ही हायड्रॅझिनपासून बनवलेली. हायड्रॅझिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रॉकेटच्या इंधनात वापरलेलं रसायन. टीबीवर औषधं चाललीच (आयसोनियाझिड आजही टीबीच्या उपचारात आहे), पण इप्रोनियाझिडने भलतंच काहीतरी केलं. महिनोन् महिने खाटेला खिळलेली माणसं हसायला, बोलायला लागली, त्यांना भुका लागायला लागल्या. वॉर्डात नाचणाऱ्या पेशंटांचे फोटो पेपरात आले.

डॉक्टरांनी याला साइड इफेक्ट म्हटलं, आणि टीबीपुरतं ते बरोबरच होतं. पण १९५७ साली नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्याच रॉकलँड स्टेट हॉस्पिटलमध्ये हे औषध टीबी नसलेल्या, पण मनाने खचलेल्या रुग्णांना दिलं. बऱ्याच जणांना फरक पडला. थोडक्यात, एकाचा बग तो दुसऱ्याचं फीचर! :-)

जवळजवळ त्याच वेळी स्वित्झर्लंडमध्ये दुसरा योगायोग घडत होता. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन नावाचं गाव आहे. तिथल्या मनोरुग्णालयात रोलंड कून नावाचा डॉक्टर गायगी कंपनीची नवी रसायनं तपासत होता. त्यातलं एक स्किझोफ्रेनियासाठी बनवलं होतं. त्या रोगावर ते काही चालेना, उलट काही रुग्ण जास्तच बिथरले. १९५६ च्या जानेवारीत कूनने ते डिप्रेशनच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि माणसं हळूहळू त्यातून बाहेर यायला लागली. हेच इमिप्रामीन. सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिकच्या मोठ्या परिषदेत कूनने हे मांडलं तेव्हा हॉलमध्ये ऐकायला जेमतेम डझनभर माणसं होती म्हणे.

"वेळ लागेल" हे वाक्य इथून येतं. काही मोजक्या रुग्णांना दोन-तीन दिवसांतच बरं वाटायचं, पण बहुतेकांना काही आठवडे लागायचे. पुढे प्रयोगशाळेत कळलं की मेंदूतल्या रसायनांवरचा परिणाम काही तासांतच सुरू होतो. मग मनाला एवढा उशीर का? यावर बरेच अंदाज आहेत, सर्वांना पटलेलं उत्तर आजही नाही. पण उशीर होतो ही गोष्ट पक्की आहे. त्यामुळे पाचव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून गोळी कचऱ्यात टाकणं म्हणजे इन्स्टॉल दहा टक्क्यांवर असताना मशीन बंद करणं.

कूनच्या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. म्युन्स्टरलिंगेनमधल्या त्या चाचण्यांचा इतिहासकारांनी सविस्तर अभ्यास करून २०१९ साली तो प्रसिद्ध केला. कित्येक रुग्णांना आपल्यावर नव्या औषधाचा प्रयोग चालू आहे हे नीट सांगितलंच गेलं नव्हतं. आज डॉक्टरांना "हे औषध कशासाठी? दुसरा पर्याय आहे का?" असं विचारताना आपल्याला उगाच अवघडल्यासारखं होतं. तसं वाटून घेऊ नका. तो प्रश्न विचारायचा हक्क फुकट मिळालेला नाही.

"दुसरं काही चालू असेल तर सांगा"

इप्रोनियाझिडने पुढे काही जणांना कावीळ केली, काहींचं लिव्हर कायमचं गेलं, आणि १९६१ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. पण त्याच जातीची दुसरी औषधं, एमएओआय म्हणतात ती, चालू राहिली. त्यांच्याबद्दल एक चमत्कारिक तक्रार येऊ लागली. चांगला हिंडता-फिरता पेशंट अचानक भयंकर डोकेदुखीने कोसळायचा, ब्लड प्रेशर आभाळाला भिडायचं. काहींचा मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू झाला. कारण सापडेना.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टने डॉक्टरांना पत्र लिहिलं - माझी बायको ही गोळी घेते, आणि चीज खाल्लं की तिचं डोकं असंच दुखतं. याचा काही संबंध असेल का? चीजने माणूस मरतो यावर कोण विश्वास ठेवणार! पण लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमधल्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरने ते मनावर घेतलं, एकेक केस गोळा केली आणि १९६३ साली लान्सेटमध्ये ते छापून आणलं. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामीन असतं. एरवी शरीर ते मोडून टाकतं. ही गोळी ते मोडणाराच बंद करून ठेवते, मग टायरामीन थेट ब्लड प्रेशरवर जातं.

एका नवऱ्याने बायकोच्या जेवणाकडे नीट लक्ष दिलं म्हणून हे कळलं. आजची सूचना तिथली आहे.

आज एमएओआय फार क्वचित देतात. तुम्हाला मिळणारी गोळी बहुधा एसएसआरआय असेल, तिला चीज-पनीर सगळं चालतं. पण सूचना जुनी झालेली नाही. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, मायग्रेनच्या काही गोळ्या, खोकल्याच्या काही सिरपांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ही सगळी एसएसआरआयसोबत घेताना डॉक्टरांना माहीत असायला हवीत. आयबुप्रोफेन नेहमी घेत असाल तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. आणि गंमत बघा, दाद न देणाऱ्या टीबीवर आज लिनेझोलिड देतात. ते औषध थोड्या प्रमाणात का होईना, एमएओआयचंच काम करतं. म्हणजे सत्तर वर्षांनी टीबी आणि डिप्रेशनची औषधं पुन्हा समोरासमोर आलीच.

त्यामुळे "आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं" असं म्हणू नका. तेही सांगा. गोळीचं ब्रँडनेम नाही, मूळ नाव लक्षात ठेवा. एकाच औषधाचे आपल्याकडे पाच-पन्नास ब्रँड असतात. दोन डॉक्टरांनी दोन ब्रँड लिहिले आणि आत औषध एकच, असं होऊ शकतं.

सर्पगंधा, मुंबई आणि सेरोटोनिन

औषधं सापडली, चालली. पण का चालतात? याचं उत्तर ज्या वाटेने आलं ती वाट मुंबईवरून जाते.

सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार वापरात. वेडावर देतात म्हणून प्रसिद्ध. १९४९ साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला - सर्पगंधेने ब्लड प्रेशर उतरतं. पाश्चात्त्य जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ मध्ये सीबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. वर आलेल्या नेथन क्लाइननेच ते अमेरिकेतल्या मनोरुग्णांना दिलं. १९५७ चं लास्कर पारितोषिक ज्यांना मिळालं त्यात वकील आणि क्लाइन दोघेही होते.

आता रेसर्पिन घेणारे काही बीपीचे पेशंट उदास होऊ लागल्याच्या नोंदी आल्या. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडीच्या प्रयोगशाळेने दाखवलं की रेसर्पिनमुळे शरीरातलं सेरोटोनिन कमी होतं. लोकांनी दोन टोकं जुळवली. हे रसायन कमी केलं की माणूस उदास, वाढवलं की बरा. म्हणजे उदासी ही या रसायनाची कमतरता! १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउटने नॉरअ‍ॅड्रिनलिनबद्दल, आणि दोनच वर्षांनी अ‍ॅलेक कॉपेनने सेरोटोनिनबद्दल हा विचार मांडला. दोघांनीही तो अंदाज म्हणून मांडला होता.

मग २९ डिसेंबर १९८७ ला एलाय लिली कंपनीच्या फ्लुओक्सेटीनला, म्हणजे प्रोझॅकला, अमेरिकेत मंजुरी मिळाली. १९९७ नंतर तिथे औषधांच्या टीव्ही जाहिराती सोप्या झाल्या आणि त्या अंदाजाची घोषणा झाली - "मेंदूतलं केमिकल इम्बॅलन्स". ऐकायला सोपं, लाज कमी करणारं. डायबेटिसला इन्सुलिन, तसं याला सेरोटोनिन.

पण पुरावा तितका सरळ नव्हता. रेसर्पिनने डिप्रेशन येतं याबद्दलच पुढे शंका निघाल्या. २०२२ मध्ये आधीच्या सगळ्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला, त्यात डिप्रेशनच्या रुग्णांत सेरोटोनिन कमी असतं याला ठोस आधार सापडला नाही. लगेच काही जणांनी निष्कर्ष काढला, बघा, गोळ्या म्हणजे थोतांड!

इथे जरा थांबायला हवं. क्रोसिनने ताप उतरतो. म्हणून ताप हा क्रोसिनच्या कमतरतेने येतो असं कोणी म्हणत नाही. आणि असं नाही म्हणून क्रोसिन खोटी ठरत नाही. औषध चालतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा मोजावा लागतो. २०१८ साली लान्सेटमध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा हिशेब आला. २१ च्या २१ औषधं मोठ्या माणसांत प्लसीबोपेक्षा, म्हणजे आत काहीच औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली. सरासरी फरक मात्र प्रचंड नव्हता, बेताचा होता. सरासरी म्हणजे कुणाला खूप, कुणाला काहीच नाही. अमेरिकेत २००६ मध्ये संपलेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या गोळीवर साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले. त्या आकड्यांवर पुढे वाद झाले, पण पहिली गोळी लागू पडेलच असं नाही हे कोणी खोडलं नाही. तेव्हा पहिली नाही लागली तर तो तुमचा दोष नाही आणि शेवटही नाही. डॉक्टर डोस बदलतात, गोळी बदलतात, सोबत समुपदेशन सुचवतात.

"सुरुवातीला त्रास झाला तर फोन करा"

जुन्या इमिप्रामीनच्या जातीची औषधं प्रमाणाबाहेर गेली तर हृदयावर बेतायची. एसएसआरआय त्या मानाने खूपच सुरक्षित निघाली, आणि म्हणून भराभर लिहिली जाऊ लागली. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोपेची उलथापालथ होते आणि बहुतेकांची कमी होते.

पण एक साइड इफेक्ट असा, की त्याबद्दल कोणी बोलेचना. स्पेनमधल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये ३४४ रुग्णांचा अभ्यास छापला. कामजीवनात अडचण आली असं आपणहून सांगणारे होते १४ टक्के. डॉक्टरांनी थेट विचारलं तेव्हा ५८ टक्के! पेशंट लाजतो, डॉक्टर विचारत नाहीत, आणि मग नवरा-बायकोत भलतेच गैरसमज होतात. किंवा पेशंट गुपचूप गोळी सोडतो. डोस किंवा औषध बदलून यावर बऱ्याचदा मार्ग निघतो, काहींच्या बाबतीत तो त्रास रेंगाळतो. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळायला तर हवं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. चाचण्या पुन्हा तपासल्यावर असं दिसलं की लहान आणि किशोरवयीन मुलांत या औषधांच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार थोड्या प्रमाणात वाढतात. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने औषधावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. म्हणजे आपल्या ऑफिसात नुकतीच लागलेली पोरं-पोरी यात येतात. याचा अर्थ गोळी घेऊ नये असा नाही, कारण उपचार न केलेलं डिप्रेशन स्वतःच जीवघेणं असतं. अर्थ एवढाच की पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना एकटं राहू नये. घरात किंवा रूमवर एकाला तरी माहीत असावं. विलक्षण अस्वस्थता, बेचैनी, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

आणखी एक. पूर्वी कधी झोपेशिवाय दिवसचे दिवस उत्साहाने फसफसणं, पैसे उधळणं असं झालं असेल, किंवा घरात कुणाला बायपोलर असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दुसऱ्या टोकाला नेऊ शकते. आणि ही गोळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सुरू झाली असेल तर रक्तातल्या सोडियमकडे लक्ष ठेवावं लागतं. त्यांना गुंगी आली, गोंधळल्यासारखं झालं तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

"मनाने बंद करू नका"

माझ्या ओळखीतल्या एकीला सहा महिन्यांत छान बरं वाटलं. साहजिक आहे, बरं वाटलं की पहिला विचार हाच - आता कशाला? तिने एका सोमवारी गोळी बंद केली. बुधवारपासून चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, आणि मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं. तिला वाटलं आजार उलटला, आपण कायमचे बिघडलेलो आहोत. प्रत्यक्षात ती गोळी झटक्यात सुटल्याची लक्षणं होती.

पेशंट हे १९९० च्या दशकापासून सांगत होते. पॅरॉक्सेटीनसारख्या शरीरातून पटकन निघून जाणाऱ्या औषधांनी त्रास जास्त, रेंगाळणाऱ्या फ्लुओक्सेटीनने कमी. पण बरीच वर्षं अधिकृत उत्तर होतं - सौम्य असतं, एक-दोन आठवड्यांत जातं. ज्यांचं जात नव्हतं त्यांना "आजार परत आला" असं सांगून पुन्हा गोळी सुरू व्हायची. शेवटी २०१९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने भूमिका बदलली आणि मान्य केलं की काहींना हा त्रास तीव्र आणि लांबणारा असू शकतो. २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, नुसत्या भीतीमुळे होणारा भाग वजा केला तर सुमारे सहा-सात जणांत एकाला गोळी सोडताना त्रास होतो, तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही, पण नाकारण्यासारखंही नाही.

उपाय साधा आहे, हळूहळू कमी करणं. त्यातही एक मेख आहे. औषधाचा मेंदूवरचा परिणाम डोसच्या सरळ प्रमाणात नसतो. निम्मा डोस केला तरी परिणाम निम्मा होत नाही, बराचसा टिकून राहतो, आणि शेवटच्या छोट्याशा डोसवरून शून्यावर येताना एकदम कोसळतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्या लागतात. हे वेळापत्रक डॉक्टरांसोबत बसूनच ठरवायचं असतं.

आणि कधी बंद करायची? बरं वाटल्यावर साधारण सहा महिने तरी चालू ठेवा असं सांगतात. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत दीर्घकाळ गोळी घेणारे, आता बरे असलेले ४७८ लोक होते. वर्षभरात, गोळी हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना पुन्हा डिप्रेशन आलं, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. चालू ठेवल्याने धोका कमी होतो. पण बंद केलेल्यांतले ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले. ही गोळी आयुष्यभराची शिक्षा आहे असंही नाही, आणि कुठल्याही सोमवारी सोडायची गोष्ट आहे असंही नाही.

असो. या सगळ्या इतिहासात मला एकच धागा दिसतो. चीज, कामजीवनातल्या अडचणी, विजेचे झटके, यातलं काहीही आधी थिअरीतून कळलं नाही. कुणीतरी सांगितलं, आणि कधीतरी कुणीतरी ऐकलं. आपल्यावर गोळीचा परिणाम काय होतोय ही माहिती जगात फक्त आपल्याकडे असते. तेव्हा मोबाइलवर रोज एक ओळ लिहा - झोप, भूक, मूड, नवीन काही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीच दाखवा, "ठीक आहे" एवढंच सांगून उठू नका.

आणि डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधीच रात्र अंगावर आली, तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. तुम्हाला नाही तर शेजारच्या क्युबिकलमधल्या कुणाला तरी लागेल.